कुत्र्याला परदेशी नेताना : क्वारंटाइनचे दिवस घरीच मोजायचे असतात

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना जर्मनीतील श्टुटगार्टला नोकरी मिळाल्याचे पत्र आले, त्या संध्याकाळी कोथरूडच्या त्यांच्या घरात पेढ्यांचा पुडा उघडण्याआधीच नऊ वर्षांच्या भाचीने विचारले, "मग चिंगीचं काय?" चिंगी ही त्यांची सतरा किलोची देशी कुत्री, पिल्लू असताना सोसायटीच्या वाहनतळात सापडलेली आणि गेली आठ वर्षे घरातलीच झालेली. पुढच्या आठवडाभरात शेजारीपाजारी आणि नातेवाईक यांनी आपापल्या परीने सल्ले दिले. कोणी म्हणाले, तिकडे विमानतळावरच कुत्रे ताब्यात घेतात. कोणी म्हणाले, सहा महिने पिंजऱ्यात ठेवतात. आणि बहुतेकांनी शेवटी तिला कोणाकडे तरी देऊन टाका असे सुचवले. या सल्ल्यांमागे आपुलकी होती, पण माहिती जुनी किंवा अर्धवट होती. असाच अर्धवट माहितीवर विश्वास ठेवून अनेक कुटुंबे आपले जनावर मागे सोडून जातात, म्हणून हा विषय नीट समजावून सांगावा असे मला मनापासून वाटते.

मुद्दा थोडक्यात असा आहे. भारतातून जर्मनीला जाणाऱ्या कुत्र्याची कागदपत्रे योग्य क्रमाने आणि योग्य तारखांना झालेली असतील, तर त्याला तिथे क्वारंटाइनमध्ये, म्हणजे सक्तीच्या विलगीकरणात, एक दिवसही राहावे लागत नाही. मात्र विलगीकरणाचा काळ रद्द झालेला नाही, त्याची जागा तेवढी बदलली आहे. पूर्वी जो काळ कुत्रे परदेशातील सरकारी पिंजऱ्यात काढत असे, तो आता त्याने आपल्याच घरी, आपल्याच माणसांत काढावा अशी सोय कायद्याने केली आहे. ही एक गोष्ट लक्षात आली की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात.

या नियमांच्या मुळाशी रेबीज आहे. पिसाळलेल्या जनावराने चावा घेतला की त्याच्या लाळेतील विषाणू जखमेतून शरीरात शिरतो, तेथून नसांच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि मेंदूपर्यंत पोहोचल्यावरच रोगाची लक्षणे दिसू लागतात. एकदा लक्षणे दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, मग ते कुत्रे असो वा माणूस. चावा आणि लक्षणे यांच्यातील हा काळ बहुधा काही आठवड्यांचा ते दोन-तीन महिन्यांचा असतो, क्वचित त्याहूनही बराच मोठा. या संपूर्ण काळात कुत्रे खाते-पिते, खेळते, शेपूट हलवते आणि सर्व दृष्टींनी निरोगी दिसते. जिवंत जनावराच्या शरीरात विषाणू दडून बसला आहे की नाही हे या टप्प्यावर खात्रीने सांगू शकेल अशी चाचणीच उपलब्ध नाही. ज्या देशाने रेबीज हटवला आहे, त्याच्याकडे मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे थांबणे. पुरेसे दिवस जाऊ द्यायचे आणि कुत्रे आजारी पडते का ते पाहायचे. विलगीकरणाचा अर्थ एवढाच.

भारताकडे या बाबतीत इतके बारकाईने का पाहिले जाते, हेही समजून घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात आणि त्यातील बहुतेक कुत्र्याच्या चाव्यामुळे होतात. याउलट जपान १९५७ पासून रेबीजमुक्त आहे आणि ब्रिटनने कुत्र्यांतील रेबीज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपवला. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवण्याचा दंडक अनेक दशके होता. आपल्याकडे आजही ऐकू येणारे ते सहा महिने तिथूनच आलेले आहेत. २८ फेब्रुवारी २००० पासून ब्रिटनने प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना सुरू केली आणि चिप, लस व रक्तचाचणी या तिन्हींची पूर्तता करणाऱ्या कुत्र्यांना, सुरुवातीला ठरावीक देशांपुरती, विलगीकरणातून सूट मिळू लागली.

आता जर्मनीचा, म्हणजेच युरोपीय संघाचा, नियम पाहू. भारत हा संघाच्या रेबीजविषयक विश्वासार्ह देशांच्या यादीत नाही, त्यामुळे भारतातून येणाऱ्या कुत्र्याला सर्वांत कडक वाट चालावी लागते. ही वाट चार टप्प्यांची आहे आणि तिचा क्रम बदलता येत नाही.

पहिला टप्पा मायक्रोचिपचा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली सुईने बसवतात. तिच्यात बॅटरी नसते आणि कुत्रे कुठे आहे हेही ती सांगत नाही. वाचक यंत्र जवळ नेले की ती फक्त १५ आकडी क्रमांक दाखवते. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांप्रमाणे असावी लागते, नाहीतर तिकडचे यंत्र ती वाचू शकेलच असे नाही. चिंगीला चिप बसवली तेव्हा मी तिथे होतो. डॉक्टरांनी आधी पाकिटातली चिप यंत्राखाली धरून क्रमांक वाचला, मग ती टोचली, आणि पुन्हा मानेवरून यंत्र फिरवून तोच क्रमांक उमटतो आहे ना हे पाहिले. यंत्र बारीक आवाजात वाजले आणि चिंगीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले, इतकेच. प्रत्येक कुटुंबाने ही दुहेरी तपासणी आग्रहाने करून घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक कागदावर हाच क्रमांक लिहिला जाणार असतो आणि त्यातला एक आकडा जरी चुकला तरी कायद्याच्या दृष्टीने ते कुत्रे दुसरेच ठरते.

दुसरा टप्पा रेबीजच्या लसीचा, आणि बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. लस चिप बसवल्यानंतर किंवा त्याच दिवशी चिप वाचून दिलेली असली पाहिजे. चिपेच्या आधी दिलेली लस युरोपीय संघ मोजत नाही, कारण ती लस नेमकी याच कुत्र्याला दिली होती याचा पुरावा उरत नाही. चिंगीच्या बाबतीत हेच घडले. तिची वार्षिक लस ५ जूनला झाली होती आणि चिप २० जूनला बसली. तिच्या पिवळ्या पुस्तिकेत आठ वर्षांच्या लसींच्या चिकट्या ओळीने लावलेल्या होत्या, तरी परदेशी कायद्याच्या नजरेत तिला एकही लस दिलेली नव्हती. दवाखान्यात कोणाच्या हे लक्षात आले नाही आणि आमच्याही आले नाही. जुलैच्या सुरुवातीला बहिणीने नियम स्वतः शब्दन्‌शब्द वाचला तेव्हा हा घोळ उघड झाला आणि ४ जुलैला चिंगीला पुन्हा लस द्यावी लागली. तिच्या तब्येतीला त्याने काही अपाय झाला नाही, पण कुटुंबाचा एक महिना वाया गेला. लस देताना पिल्लू किमान १२ आठवड्यांचे असावे लागते हेही इथेच नमूद करतो. म्हणजे पुढचे सगळे टप्पे धरता साधारण सात महिन्यांच्या आतील पिल्लू भारतातून जर्मनीला पोहोचूच शकत नाही, आणि निघण्याच्या तोंडावर पिल्लू घेण्याचा विचार असलेल्यांनी हा हिशेब आधीच करावा.

तिसरा टप्पा रक्तचाचणीचा, ज्याला दवाखान्यात टायटर टेस्ट म्हणतात. लस दिल्यानंतर किमान ३० दिवस जाऊ द्यायचे, मग रक्त काढायचे, त्यातील पाणीदार भाग म्हणजे सीरम वेगळा करायचा आणि तो थंड अवस्थेत युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. अशा प्रयोगशाळांची यादी युरोपीय आयोग जाहीर करतो. यादीत नसलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल कितीही चांगला असला तरी उपयोगी पडत नाही. सीरमच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये रेबीजविरोधी प्रतिपिंडे (लसीमुळे रक्तात तयार होणारे रोगप्रतिकारक घटक, म्हणजे अँटिबॉडीज) किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असतील तर कुत्रे उत्तीर्ण होते. रक्त शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी काढावे, म्हणजे पार्सल शनिवार-रविवारी एखाद्या गोदामात अडकून गरम होण्याचा धोका टळतो. नमुन्यासोबतच्या अर्जावर चिपेचा क्रमांक आणि रक्त काढल्याची तारीख स्वतः वाचून घ्यावी, डॉक्टरांची घाई असली तरी.

चौथा टप्पा प्रतीक्षेचा. रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने पूर्ण व्हावे लागतात. अहवाल पंधरा दिवसांत येवो वा महिन्याभरात, मोजणी रक्त काढलेल्या तारखेपासूनच सुरू होते. अनेकांना हा टप्पा सर्वांत अन्यायकारक वाटतो. लस दिली, प्रतिपिंडे तयार झाल्याचे सिद्ध झाले, मग आता कशासाठी थांबायचे? उत्तर वर सांगितलेल्या दडलेल्या काळात आहे. लस घेण्याआधीच कुत्र्याला पिसाळलेल्या जनावराचा चावा झालेला असेल, तर प्रतिपिंडे चांगली असूनही विषाणू आधीच वाटेला लागलेला असू शकतो. तसे असेल तर या तीन महिन्यांत रोग बहुधा प्रकट होईल. आणि कुत्रे ठणठणीत राहिले, तर तो धोका अगदी नगण्य उरतो. म्हणजे हे तीन महिने हेच खरे क्वारंटाइन आहे. चिंगीने ते कोथरूडमध्ये सोफ्याखाली झोपून, संध्याकाळी टेकडीवर फिरून आणि भाचीच्या डब्यातली उरलेली पोळी खाऊन काढले. सरकारी पिंजऱ्यात काढावे लागणाऱ्या तीन महिन्यांशी याची तुलना केली म्हणजे हा नियम किती दयाळू आहे ते कळते.

तिचे रक्त ६ ऑगस्टला काढले, म्हणजे तीन महिने ६ नोव्हेंबरला पुरे झाले. मेहुण्यांना मात्र १ ऑक्टोबरला रुजू व्हायचे होते. ते पुढे गेले. बहीण, मुले आणि चिंगी मागून गेली. इथे आणखी एक बारीक नियम आड येतो. घरचे पाळीव जनावर या सोप्या नियमांखाली आणायचे असेल, तर मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती जनावराच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास करणारी असली पाहिजे. हे अंतर वाढले की तोच प्रवास व्यापारी वाहतूक समजला जातो आणि त्याचे नियम निराळे आणि अधिक कडक आहेत. म्हणून चिंगीच्या सगळ्या कागदांवर मालक म्हणून मेहुण्यांऐवजी बहिणीचे नाव घातले, कारण तिकीट तिचे होते. कुटुंबातील एक जण आधी जाणार असेल, तर हा निर्णय चिप बसवण्याच्या दिवशीच घेतलेला बरा.

शेवटचा कागद म्हणजे पशुआरोग्य प्रमाणपत्र. ते युरोपीय संघाच्या ठरलेल्या नमुन्यात, इंग्रजीत आणि ज्या देशातून संघात प्रवेश करायचा त्या देशाच्या भाषेत असावे लागते, त्यावर सरकारी पशुवैद्यकाचा शिक्का लागतो आणि दिल्यापासून दहा दिवसांच्या आत कुत्रे संघाच्या हद्दीत पोहोचावे लागते. भारतात हे काम केंद्र सरकारच्या पशू संगरोध व प्रमाणीकरण सेवेकडे आहे. महाराष्ट्रातील लोकांना त्यासाठी मुंबईचे कार्यालय गाठावे लागते. तीन महिने प्रमाणपत्राच्या तारखेआधी पुरे झालेले असावे लागतात, केवळ विमानाच्या तारखेआधी नव्हे, आणि एखाददुसऱ्या दिवसाच्या फरकाने इथे तिकीट वाया जाऊ शकते. चिंगीचे प्रमाणपत्र ८ नोव्हेंबरला झाले आणि ती १३ तारखेला उतरली.

कागद अपुरे निघाले तर काय होते, हे भीती घालण्यासाठी नव्हे तर पूर्ण चित्र समोर असावे म्हणून सांगतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार अधिकाऱ्यांपुढे तीन मार्ग असतात : कुत्रे परत पाठवणे, अटी पूर्ण होईपर्यंत त्याला सरकारी देखरेखीखाली वेगळे ठेवणे, आणि हे दोन्ही अशक्य असेल तर अखेरचा उपाय म्हणून त्याला दयामरण देणे. सगळा खर्च मालकाच्या माथी असतो. हा शेवटचा मार्ग कायद्यात लिहिलेला आहे एवढे जाणून प्रत्येक तारीख दोनदा तपासणे हे आपल्या मुक्या सोबत्याचे आपण देणे लागतो.

इतर देशांचे हिशेब थोडे वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये भारतीय कुत्र्यासाठी चिप, लस, ३० दिवस आणि तीन महिने हा क्रम तसाच आहे, पण शिवाय फीतकृमीचे औषध पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पशुवैद्यकाने देऊन तशी नोंद करावी लागते, आणि विमानाने येणारे कुत्रे प्रवासी कक्षातून नव्हे तर मालवाहतूक म्हणूनच आणावे लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम नव्याने बांधले : कुत्रे किमान सहा महिन्यांचे हवे, चिप हवी, आणि भारतासारख्या अधिक धोक्याच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्याला सरकारी शिक्क्याचे लस-प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत प्राणीकेंद्रात आधी केलेले आरक्षण लागते. त्याला असे केंद्र असलेल्या ठरावीक विमानतळांवरच उतरता येते, आणि मान्य टायटर अहवाल नसेल तर त्या केंद्रात २८ दिवसांचे विलगीकरण स्वखर्चाने भोगावे लागते. जपानमध्ये दोन लसी, मग रक्तचाचणी आणि त्यानंतर १८० दिवसांची प्रतीक्षा आहे. शिवाय येण्याची सूचना किमान ४० दिवस आधी द्यावी लागते. हे १८० दिवस घरी काढले असतील तर तपासणी बहुधा काही तासांत उरकते, नाहीतर उरलेले दिवस तिथल्या केंद्रात भरून काढावे लागतात. घरचे क्वारंटाइन आणि सरकारी क्वारंटाइन यांचा अदलाबदलीचा हिशेब जपानइतका उघडपणे दुसरीकडे क्वचितच मांडलेला दिसतो.

ऑस्ट्रेलियाचे प्रकरण सर्वांत अवघड आहे. भारत तेथील मान्य देशांच्या यादीत नसल्यामुळे कुत्रे भारतातून थेट नेता येत नाही; त्याला आधी एखाद्या मान्य देशात न्यावे लागते, रक्तचाचणीनंतर किमान १८० दिवसांचा काळ जावा लागतो आणि शेवटी मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात किमान १० दिवस, आणि ओळख-पडताळणीची पायरी राहिली असेल तर ३० दिवस, ठेवावे लागते. मेलबर्न-सिडनीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी नोकरीचा करार करण्यापूर्वीच हा विचार करावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण इथे घाईला वावच नाही.

जातीचा प्रश्नही आधीच पाहावा लागतो. पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरिअर, स्टॅफर्डशर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर या चार जातींची आणि त्यांच्या संकराची कुत्री जर्मनीत आणण्यास बंदी आहे. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बंदी नाही, पण त्यांचा श्वसनमार्ग आखूड असल्याने उष्णतेत आणि भीतीत त्यांना धाप लागते, म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. आपल्याकडे पग फार लाडके आहेत, त्यामुळे ही गोष्ट बऱ्याच घरांत उशिरा कळते.

राहिला प्रवास. प्रवासी कक्षात कुत्रे न्यायचे तर त्याचे वजन पिशवीसह साधारण आठ किलोच्या आत लागते, म्हणजे चिंगीसारखी देशी कुत्री पिंजऱ्यातून विमानाच्या पोटातच जाणार. जिथे जिवंत जनावरे ठेवतात तो कप्पा हवेचा दाब आणि तापमान राखलेला असतो. पिंजऱ्यात कुत्र्याला डोके न टेकता उभे राहता आले पाहिजे, पूर्ण वळता आले पाहिजे आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. गुंगीचे औषध देऊ नये, कारण उंचावर रक्तदाब आणि श्वास यांवर त्याचा परिणाम धोक्याचा ठरू शकतो आणि विमान कंपन्या गुंगीतले जनावर स्वीकारत नाहीत. त्याऐवजी सवय लावावी. बहिणीने ऑगस्टपासूनच तो पिंजरा बैठकीच्या खोलीत, दार काढून, ठेवला होता. त्यात आईची जुनी गोधडी अंथरली होती. पहिले चार दिवस चिंगी फक्त नाक आत घालून वास घेई. मग चपातीचा तुकडा आत ठेवला की अर्धे अंग आत जाऊ लागले. दिवाळीत बाहेर फटाके वाजू लागले तेव्हा ती आपण होऊन आत जाऊन गोधडीत तोंड खुपसून बसली. त्या दिवशी बहिणीने मला फोन करून सांगितले, "आता मला काळजी नाही." फ्रँकफर्ट विमानतळावर जनावरांसाठी खास विश्रामकक्ष आहे, तिथे चिंगीच्या मानेवरून पुन्हा एकदा यंत्र फिरले, तेच १५ आकडे उमटले, कागदांशी जुळले आणि त्याच संध्याकाळी ती श्टुटगार्टच्या घरी पोहोचली.

तिथे गेल्यावर नगरपालिकेत कुत्र्याची नोंद करून वार्षिक श्वानकर भरावा लागतो, तो जर्मनीत जवळपास सगळीकडे आहे. तिथल्या पशुवैद्यकाकडून युरोपीय प्राणी-पारपत्रही करून घ्यावे, म्हणजे संघातील पुढच्या प्रवासांना भारतातले प्रमाणपत्र लागत नाही. आणि एक तारीख विसरता कामा नये. रक्तचाचणीचा अहवाल कुत्र्याच्या आयुष्यभर ग्राह्य राहतो, पण रेबीजची प्रत्येक पुढची लस आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी दिली तरच. एक दिवसाचा जरी खंड पडला, तरी भारतात सुटीला येऊन परतायचे तर लस, ३० दिवस आणि रक्तचाचणी हे सगळे पहिल्यापासून करावे लागते. श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर लावलेल्या कालनिर्णयात जूनच्या शेवटच्या आठवड्यात भाचीने लाल पेनाने एक गोल काढून आत लिहिले आहे : चिंगीची लस.